कुंडीतला वाटाणा आणि चादरीवरचं ऊन

वैरणकाडी झाली असेल, चुलीवरचं उतरवून ठेवलं असेल, तर जरा भिंतीला टेकून बसा. आज फुलांच्या फोटोविषयी बोलायचं आहे, आणि तेही ऑर्किडच्या फुलांच्या. फोटो कसा काढायचा ते शेवटी येईलच. पण त्याआधी फुलावर उजेड कुणी पाडला, मागं कापड कुणी धरलं आणि नाव कुणाचं झालं, हा इतिहास बघू. तो बघितला की फोटोची युक्ती आपोआप कळते.

आता कुणी म्हणेल, आपला फुलंब्री तालुका कपाशीचा, मक्याचा, आल्याचा. इथं ऑर्किड कुठून आलं? शेतात नाही आलं, कुंडीत आलं. रोपवाटिकेतून आलं, लग्नाच्या स्टेजवरच्या सजावटीतून आलं, कुणी शहरातून भेट म्हणून आणलं. जांभळ्या-पांढऱ्या तुऱ्याचं असतं ते डेंड्रोबियम. फुलपाखरं ओळीनं बसल्यासारखं दिसतं ते फॅलेनॉप्सिस. याचं फूल झाडावर कित्येक आठवडे टिकतं, म्हणून त्याला किंमत. आणि आता रोपं विकणारी बाई आधी फोनवर फोटो पाठवते, गिऱ्हाईक फोटो बघून ठरवतं. मग तक्रार येते ती हीच, की फूल एवढं देखणं आणि फोटोत मात्र काळवंडलेलं. मागं दोरीवरचे कपडे, गॅसची टाकी, भिंतीवरचं कॅलेंडर. फूल त्यात हरवून जातं.

ही अडचण काही आजची नाही. तीनशे वर्षांपूर्वी कॅमेरा नव्हता, तेव्हाही ती होती.

आपल्या सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर एक गुलाबी-पांढरा तुरा लोंबताना दिसतो. कुठं त्याला सीतेची वेणी म्हणतात, कुठं द्रौपदीची वेणी. हेही ऑर्किडच. ते बांडगूळ नव्हे. झाडावर नुसतं बसतं, त्याचा रस पीत नाही. हवेतला ओलावा आणि सालीवर साठलेला कचरा, एवढ्यावर जगतं. आसामात याला कोपौ म्हणतात आणि बिहूच्या सणात तिथल्या मुली ते केसांत माळतात. म्हणजे वेणीची उपमा फक्त आपल्याच बायकांना सुचली असं नाही.

या फुलाचं छापील चित्र फार जुनं आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करवून घेतला. नाव ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. बाराव्या खंडात आपली ही वेणी आहे. या कामात केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापला आहे. ज्यांनी रानात हिंडून फांद्या आणल्या, त्या हातांची नावं मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

त्या चित्रांत मागं काय आहे? काहीच नाही. कोरा कागद. रान नाही, झाड नाही, आभाळ नाही. कारण चित्र काढणाऱ्याला पान, देठ, पाकळी नीट ओळखू यायला हवी होती. वैद्यानं चुकीची मुळी उपटली तर रोग्याच्या जिवावर बेतायचं. म्हणजे मागची बाजू मोकळी ठेवणं ही हौस नव्हती, ती गरज होती. फुलाच्या फोटोचा पहिला धडा तिथंच मिळतो. मागं जेवढं कमी, तेवढं फूल जास्त दिसतं.

पुढं फोटोची विद्या निघाली, आणि वनस्पतींच्या बाबतीत तिचा मोठा उपयोग पहिल्यांदा एका बाईनंच करून दाखवला. इंग्लंडमधल्या ॲना ॲटकिन्स. त्यांनी १८४३ साली समुद्रातल्या शेवाळांचं पुस्तक काढायला घेतलं. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. गंमत म्हणजे त्यात कॅमेरा नव्हताच. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं आदल्याच वर्षी एक रीत शोधली होती. कागदाला लोहाच्या क्षारांचं पाणी लावायचं, अंधारात वाळवायचं, त्यावर वनस्पती ठेवायची, काचेनं दाबायची आणि उन्हात धरायची. जिथं ऊन लागलं तो भाग निळा होतो. जिथं पानाची सावली पडली तो पांढरा राहतो. मग कागद साध्या पाण्यानं धुवायचा. निळ्या कागदावर पांढरं शेवाळ, शीर न् शीर दिसणारं. पुढं घरांचे आणि यंत्रांचे नकाशेही याच रीतीनं काढू लागले, त्यांनाच ब्लूप्रिंट म्हणायचे.

वाळवणं, उन्हात धरणं, धुणं. मैत्रिणींनो, ही कामं आपल्याला कुणी शिकवायला हवीत का? पापड-कुरडया करणारी बाई उन्हाचा अंदाज जेवढा बांधते, तेवढा भलेभले बांधू शकत नाहीत. कोणतं ऊन कडक, कोणतं कोवळं, कोणत्या वेळी ओसरीवर सावली येते, हे तिला ठाऊक असतं. फोटोचं अर्धं शिक्षण तेच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. आपल्या फुलंब्रीवरून सिल्लोडकडं जाणारा रस्ता पुढं अजिंठ्याला जातो. तिथल्या लेण्यांच्या छतांवर कमळं, वेली, फळंफुलं रंगवली आहेत. कुठं गडद रंगावर फिकी फुलं, कुठं फिक्या रंगावर गडद. गडदावर फिकं आणि फिक्यावर गडद, ही जाण त्या चितारींना पक्की होती. पण आत तर अंधार. त्यांनी काम कोणत्या उजेडात केलं असेल? बाहेरचं ऊन आरशानं किंवा चकचकीत पत्र्यानं आत वळवलं असेल, असा एक अंदाज अभ्यासक मांडतात. तेव्हाचं काही असो, अलीकडच्या काळात चित्रं दाखवायला ही युक्ती वापरली गेली, हे खरं. दाराशी एकानं आरसा धरायचा, आत दुसऱ्यानं पांढरं कापड धरायचं. आरशावरचा कवडसा कापडावर पडतो आणि कापडावरून मऊ होऊन भिंतीवर पसरतो.

रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी १८४४ साली ही चित्रं उतरवायच्या कामावर नेमला गेला आणि जन्मभर याच भागात रमला. त्यानं रंगवलेल्या बहुतेक मोठ्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही कितीतरी १८८५ सालच्या आगीत लंडनमध्येच जळाल्या. पुढं १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे ख्रिस्टियाना हेरिंगहॅम या चित्रकार बाई अजिंठ्याला राहिल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण चित्रकार होते. या सगळ्यांच्या कामाचा इतिहास लिहिलेला आहे. पण दाराशी ऊन धरून उभं राहिलेल्या गावकऱ्यांची नावं शोधायला गेलं, तर हाती काही लागत नाही.

ज्या १८८५ साली ती आग लागली, त्याच वर्षी त्र्यंबकेश्वरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणतो. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढं आला, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण त्याच्या आदल्या वर्षी घरात बसून त्यांनी काय केलं, ते आपल्या आजच्या विषयाचं आहे.

विमा पॉलिसी तारण ठेवून, कर्ज काढून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, चित्रपटाची विद्या बघून आले आणि कॅमेरा मागवला. पण चित्रपटासाठी भांडवल देणार कोण? हलतं चित्र घरात बनतं, यावर कुणाचा विश्वास बसेना. मग त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा ठेवला. ठरावीक वेळानं एकेक चित्र टिपत राहिले. कोंब फुटला, पानं आली, वेल वर चढला. महिन्याहून जास्त दिवस हे चाललं. आणि शेवटी पडद्यावर वाटाणा एका मिनिटाच्या आसपास डोळ्यांदेखत वाढला. या छोट्या चित्रपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’.

जरा हिशेब करू. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावरून जात. म्हणजे एका मिनिटाला ९६०. जवळजवळ हजार वेळा त्या कुंडीचं चित्र घ्यायचं. कुंडी बोटभर सरकली तर वेल पडद्यावर उडी मारल्यासारखा दिसणार. एका वेळी ऊन आणि दुसऱ्या वेळी सावली असली तर सगळं लुकलुकणार. मागची भिंत बदलली तर वाटाण्याकडं कुणाचं लक्षच जाणार नाही. घरात ठेवलेल्या कुंडीतल्या झाडाचं चित्र घ्यायचं, तर जागा, उजेड आणि पार्श्वभूमी यांना किती जपावं लागतं, ते या एका वाटाण्यावरून कळतं. आणि हा नमुना बघूनच ओळखीच्या लोकांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. बचत गटातल्या बाईला हे नवीन नाही. आधी पापडाचा नमुना, मग ऑर्डर.

पण पैसे पुरे पडले नाहीत. सरस्वतीबाईंचे, म्हणजे फाळक्यांच्या पत्नीचे दागिनेही गहाण पडले. दागिने दिले म्हणून बाईचं कौतुक करायची आपल्याकडं पद्धत आहे. पण सरस्वतीबाईंचं काम तेवढंच नव्हतं. त्या वेळी कच्ची फिल्म अखंड पट्टीसारखी यायची. कॅमेऱ्याच्या दात्यांत ती बसावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत, आणि तीही अंधारात, नाहीतर फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणं, औषधी पाणी कालवणं शिकल्या. दादरच्या त्यांच्या घरी चित्रपटाची सगळी मंडळी जेवायला असायची, त्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडं. घरात मुलंबाळं होती, ती वेगळीच. हे घर तुमच्यापैकी अनेकींनी परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात पाहिलं असेल.

आणि दिवसा चित्रण चालू असताना त्या पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहात. कशासाठी? विजेचे दिवे नव्हते, चित्रण सगळं सूर्याच्या भरवशावर. ऊन एका बाजूनं आलं की चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडते. समोरून पांढरी चादर धरली की ऊन तिच्यावर आपटून परत येतं आणि काळी बाजू उजळते. सूर्य सरकला की चादर सरकवायची. ढग आला की थांबायचं. तासन्‌तास हात वर. तेव्हाच्या फिल्मला तांबडा रंग धड दिसत नसे. तांबडं काळपट यायचं, निळं आभाळ पांढरं यायचं. म्हणून तर उजेड आणखीच जपावा लागे.

फाळक्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो. पहिला पुरस्कार एका बाईला, देविका राणींना मिळाला, ही चांगली गोष्ट. पण ज्या बाईनं चादर धरली, तिचं नाव आजही आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? फाळक्यांची कर्तबगारी यानं कमी होत नाही. पण ऊन जिनं वळवलं तिचं नाव त्याच चित्रात असायला हवं, एवढंच आमचं म्हणणं.

मागच्या पडद्याचीही अशीच गोष्ट आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. कापडावर राजवाडा, कापडावर बाग. पुढं ते चित्रपटात आले आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरी वाटणारी दालनं उभी करू लागले. त्यांच्या १९२३ सालच्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या दृश्यांसाठी दिव्यांचा उजेड वापरला, आणि आपल्याकडं ती सुरुवात मानली जाते. पडदा रंगवणाऱ्यालाच आधी उमगलं की पडदा फार बोलू लागला की समोरचं माणूस मुकं होतं. आणि चित्रपटाच्या या जुन्या इतिहासात आपल्या गावाचं नावही ऐकू येतं बरं का. प्रभात कंपनीच्या ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या चित्रपटांना संगीत देणारे मास्टर कृष्णराव, त्यांचं आडनाव फुलंब्रीकर.

आता या सगळ्या शहाणपणातून आपल्या ओसरीवर काय उतरतं ते बघू.

पहिलं, जागा. दुपारचं कडक ऊन नको. त्यात पांढरी पाकळी नुसती पांढरा डाग होते, तिच्या शिरा दिसत नाहीत. सकाळी दाराच्या किंवा खिडकीच्या आत, ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर येतो, तिथं कुंडी ठेवा. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, तिथं ऊन फारसं आत शिरत नाही. ऊन थेट येतच असेल तर दारावर पांढरी पातळ ओढणी किंवा जुनं धोतर बांधा. उजेड गाळून येतो, चहा गाळल्यासारखा.

दुसरं, चादर. उजेड खिडकीकडून येतो, म्हणून फुलाची दुसरी बाजू काळी दिसते. त्या बाजूला पांढरा कागद, थर्मोकोलचा तुकडा किंवा घडी घातलेली पांढरी चादर धरा. जवळ आणा, लांब न्या, आणि पाकळीवर काय फरक पडतो ते डोळ्यांनी बघा. स्टीलचं ताट धरू नका. त्याचा कवडसा झगझगीत पडतो. रंगीत साडीही नको. हिरव्या साडीचा हिरवा रंग पांढऱ्या फुलावर उतरतो.

तिसरं, मागचं कापड. पांढऱ्या आणि फिक्या फुलामागं काळं किंवा गर्द निळं कापड. जांभळ्या, गर्द फुलामागं पांढरं, फिकं, नाहीतर मातीच्या रंगाचं. अजिंठ्याचंच सूत्र. कापड चमकणारं नको, साधं सुती असावं. आणि ते कुंडीला चिकटून लावू नका. तीन-चार फूट मागं टांगा, म्हणजे सुरकुत्या अंधुक होतात आणि फुलाची सावली कापडावर पडत नाही. शेणानं सारवलेली किंवा साध्या मातीची भिंत असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

चौथं, फोन. काळं कापड मागं असलं की फोनला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवून फूल पांढरंफटक करतो. म्हणून पडद्यावर फुलावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण थोडी खाली ओढा. ट्यूबलाइट बंद करा. बाहेरचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिसळला की फुलाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते. फोनचा फ्लॅशही बंदच ठेवा. पंखा बंद, कारण तुरा हलतो. फोनची काच पदरानं हलकी पुसा. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनवर तेलाचा पापुद्रा असतोच.

पाचवं, फुलाचं तोंड. ऑर्किडच्या फुलाला मधोमध एक वेगळी पाकळी असते, तिला ओठ म्हणतात. किड्यानं तिथं उतरावं म्हणून तिच्यावर रंग, रेघा, ठिपके असतात. फोटोत तो ओठ दिसलाच पाहिजे. म्हणून वरून फोटो काढू नका. खाली बसा, फुलाच्या डोळ्याला डोळा भिडवा. दव दिसावं म्हणून पाणी शिंपडू नका. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की रोप कुजतं. फोटोपायी रोप घालवू नये.

आणि दोन गोष्टी नियमाच्या. रानातली वेणी फोटोसाठी उपटून आणायची नाही. ती झाडावर शोभते आणि झाडावरच जगते. फोटो काढायचा तर तिथंच काढा. दुसरं, विकायच्या रोपाचा फोटो फोनमधल्या रंगांनी खुलवायचा नाही. जांभळं ऑर्किड फोनमध्ये पुष्कळदा निळसर येतं. ते तसंच पाठवलं तर गिऱ्हाईक निळ्या फुलाच्या आशेनं येतं आणि आपल्यावरचा भरवसा गमावतं. एक प्रत्यक्ष फूल शेजारी धरून फोटोतला रंग ताडून बघा. हॉर्टस मलबारिकसच्या वैद्यांनी दाखला दिला होता, तसा आपला फोटो हाच आपला दाखला.

हे सगळं एकटीनं होत नाही, हेही लक्षात आलं असेल. एकीनं फोन धरायचा, दुसरीनं चादर, तिसरीनं कापड ताणायचं, आणि पोरानं मध्ये यायचं नाही म्हणून चौथीनं त्याला कडेवर घ्यायचं. मग फोटो गटावर टाकताना खाली नावं लिहा. फोटो कुणी काढला ते लिहा, आणि चादर कुणी धरली तेही लिहा. सरस्वतीबाईंच्या वेळी ते राहून गेलं. आपण आपल्या गटात तरी राहू देऊ नये.